नाकासमोर चालणारी

शेंडी काढलेला नारळ.

आर्णीच्या फाट्यावर बोअरची अवजड गाडी उभी. ड्रायव्हर बशीत चहा ओततोय.

लेंगीचा, होळीच्या गाण्याचा, ठेका. नुसता ठेका, होळी अजून लांब आहे, शब्द यायचेत.

“पोरगी आमची नाकासमोर चालणारी आहे.” लग्नाच्या बोलणीत एका बापानं दिलेली हमी.

दोन हातोडे. एक माहेरचा, एक सासरचा.

पसारा झाला खरा. आवरू या.

हमी देणारा बाप म्हणजे प्रेमसिंग, आर्णीत ट्रकचं गॅरेज चालवणारा. पोरगी म्हणजे उज्ज्वला. हमी पहिल्याच आठवड्यात खोटी ठरली. सून झाडावर चढते, ट्रॅक्टर उलटा घेते आणि सासूशी वाद घालते, हे साऱ्या बंजारा तांड्यानं पाहिलं. मग ‘नाकासमोर चालणारी’ ही पदवी रिकामी राहिली. ती पुढं उज्ज्वलाच्या गाडीला चिकटली.

गाडी लाल, विलायती, बिनटपाची, दोघांपुरती. नाक असं लांब की आधी नाक येणार, मग गाडी. नागपूरच्या कुणा हौशी माणसानं ती प्रेमसिंगकडे सोडली आणि तो पुन्हा फिरकलाच नाही. गॅरेज बंद करताना बापानं ती लेकीच्या दारात आणून उतरवली. पहिल्या वर्षी तिनं तांड्याला दोन फेऱ्या मारल्या. मग स्टिअरिंग जड झालं. मग जडशीळ. मग थांबलंच. इंजिन लागायचं, गाडी भिंतीपर्यंत जायची आणि तशीच मागं कडुनिंबापर्यंत यायची. वळायचं नाव नाही.

“नाकासमोर चालते बिचारी,” तांडा म्हणायचा.

आणि मग पाणाड्या आला. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ अंगणभर हिंडला आणि गाडीच्या पुढच्या उजव्या चाकापाशी ताडकन उभा राहिला. पाणी इथंच! सासूनं, म्हणजे जमनीनं, एका दमात दोन फोन केले. एक बोअरवाल्याला. दुसरा नेरच्या फुलचंदला, भंगारासाठी.

“आपल्या पायानं वळून फाटकाबाहेर गेली त तुयी,” जमनी सुनेला म्हणाली. “नाही गेली त फुलचंदची. भिंतीले धडका देनारी गाडी मले नाही पाह्यजे.”

“वळली त पुन्हा बोलायचं नाही, याडी.” सासूला ती याडी म्हणायची, म्हणजे आई.

“वळू त दे!”

तर आज तो दिवस. पुण्याहून मागवलेले दोन नवे टाय रॉड एंड सकाळीच कुरिअरनं आले. म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे. जुन्या सांध्यातली गोळी गंजून वाटीत घट्ट बसली होती, म्हणून चाक हलत नव्हतं. रोग सापडला, औषध आलं, उज्ज्वलाच्या अंगात वारं शिरलं. तिनं गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली आणि ओढणी कमरेला बांधून खाली घुसली. सांधा ओढून काढणारा पुलर लावताच डावा निघाला. टक्! ती खालूनच ओरडली, “आला!”

उजवा?

उजव्याचा नट निघाला. सांधा नाही. डिझेल पाजलं. पुलर लावला, तर पुलरचीच तंगडी वाकली. दुपार कलली. फुलचंद आला, पिकअपच्या फाळक्यावर बसला आणि गॅस कटरची नळी उलगडू लागला.

“वहिनी, घाई नाही. मी आपला नळी जोडून राह्यलो.”

“जोडा. घरी जाऊन पुन्हा गुंडाळाच लागन.”

तिला बापाची जुनी युक्ती आठवली. सांध्याचा खिळा चाकाकडच्या ज्या भोकात अडकतो त्या कड्यावर दोन्ही बाजूंनी, एकाच क्षणी, दोन हातोडे. एकाच क्षणी! कडं पळभर दबतं आणि खिळ्याची पकड सुटते. एक हातोडा तिच्या हातात, माहेरचा. दुसरा नवऱ्याच्या, शामच्या. त्याला तिनं सुट्टी घ्यायला लावली होती.

“एक, दोन, तीन!”

ठण्. ...ठण्.

“एक, दोन, तीन!”

ठण्. ...ठण्.

“लग्नाच्या फोटोतबी तुमी असेच मागून हासले,” उज्ज्वला म्हणाली.

“तू तीनच्या आधीच मारतं!”

“तीन म्हनलं का मारायचं, का तीन झाल्यावर?”

यावर नवरा-बायकोचं जुंपलं. फुलचंद मांडीवर थाप मारून हसला. तिकडे शामचा फोन वाजला: बोअरची गाडी फाट्यावरून निघाली होती.

उज्ज्वलानं पेचकस उचलला. ती पुन्हा खाली वाकली आणि खिळा अडकला होता त्या कड्याभोवतीचा थर खरवडू लागली. थर काळा नव्हता. लाल होता. कुंकू! त्याखाली गंजाची पापडी, आणि पापडीत रुतलेला काथ्या. नारळाचा.

“याडी, इकडं या बरं.”

जमनी आली.

“दसऱ्याले नारळ कुठं फोडता तुमी?”

“चाकावर. मंग काय काचावर फोडू?”

“कोनत्या चाकावर?”

“उजव्या! डाव्यावर फोडते का कोनी?”

दर दसऱ्याला, त्याच चाकावर, उभ्या गाडीवर. नारळाचं पाणी थेट सांध्यावरच्या फाटक्या रबरातून आत. गाडीला कुठं जायचंच नव्हतं, तरी तिनं सुखरूप जावं म्हणून.

फुलचंद फाळक्यावरून उतरला. “अरे, पाणाड्या खरा निंघाला ना! पानी तिथंच होतं. नारयाचं!”

शाम हसला. हसायला नको होतं. जमनीनं त्याच्याकडे पाहिलं, ओढणी खोचली आणि त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला.

“मीनं अडकवलं, मीच सोडवतो. सर बाजूले. ताल त बापालेबी नव्हता तुह्या.”

ताल! जमनीचा ताल म्हणजे होळीतली सगळ्या तांड्याची लेंगी. ती धरायची, मग बाकीच्यांच्या टाळ्या पडायच्या. चाकाच्या जागी सासू-सून समोरासमोर बसल्या. जमनीनं आकडे मोजलेच नाहीत. मान डोलवली, तोंडातल्या तोंडात ठेका धरला, हातोडा अधांतरी झुलवला. उज्ज्वलाचा हातोडाही झुलू लागला. कधी मारायचं हे कुणी सांगितलं नाही. ठेका वळणावर आला आणि

ठण्!

एकच आवाज. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“आता जोरात,” जमनी म्हणाली.

ठण्! फुलचंदचं हसू थांबलं. ठण्! शाम नकळत टाळी देऊ लागला. ठण्! जमनीला शब्द फुटले, होळी नसताना, उन्हात, गाडीच्या पोटाशी. ठण्

टक्!

सांधा निखळून दांड्याला लोंबकळला. उज्ज्वला किंचाळली. जमनी तिच्याहून मोठ्यानं.

मग काय विचारता! नवा एंड आत, जुन्याचे जितके आटे उलगडले तितकेच देऊन. नट घट्ट. पिन आत, तिची टोकं शामनं वाकवली. तेवढं त्याला जमलं. चाकं वर, जॅक खाली. इंजिन एका हाकेत लागलं. रस्त्यावर बोअरच्या गाडीचा भोंगा. उज्ज्वला बसली, तोच शेजारचं दार उघडलं आणि जमनी घागरा सावरत आत उतरली.

“दोघांपुरती आहे ना? मंग?”

समोर भिंत. उज्ज्वलानं स्टिअरिंगला हात घातला. क्षणभर काहीच नाही. मग लांब लाल नाक हळूच डावीकडे झुकलं, जसं कुणी हाक मारल्यावर मान वळवतं. भिंत बाजूला सरली. कडुनिंब बाजूला सरला. फाटक, फाटकाशी शाम, नळी गुंडाळणारा फुलचंद, आणि रस्ता, लांबच लांब, मोकळा!

“आता उजवीकडं!” जमनी ओरडली. “उजवीकडं घे! पाहू दे मले!”

उज्ज्वलानं उजवीकडे घेतली.

गाडी दारात आली त्या पहिल्या दसऱ्याला उजव्या चाकावर नारळ उज्ज्वलानंच फोडला होता; जमनीनं पुढं फक्त तिची रीत पाळली.