चकचकीत पुसलेली मधपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. वय विचाराल तर तीन वर्षं. पण कोरपना तालुक्यात सिमेंटच्या कारखान्याशेजारी राहिलं की सागवानही तरुणपणीच पांढरं होतं.

मला घडवणारा सुतार आधी शाळेचे बाक करायचा. त्यामुळे गप्प बसणं माझ्या अंगातच आहे.

चंद्रपूरच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या मयुरी मॅडमनी मला गुणाबाईंच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर ठेवलं आणि माझ्यात सातेरी जातीच्या मधमाशा भरल्या. काम सोपं होतं. माशी फुलांवर हिंडते तेव्हा हवेतली धूळ तिच्या अंगाला लागते, मधातही उतरते. दर महिन्याला मॅडम थोडा मध, माझ्यावर बसलेली धूळ आणि माझ्या दारात मेलेल्या माशा डबीत भरून तपासायला नेणार. मग हवेत किती धूळ आहे ते कागदावर येणार.

गुणाबाईंना तो कागद हवाच होता. त्यांचे नवरे देवाजी दोन वर्षं खोकत होते. तक्रार घेऊन गेलं की प्रदूषण खात्याचे साहेब म्हणायचे, "पुरावा आणा." आता पुरावा सहा पायांवर हिंडत होता.

जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "मावशी, पेटीची काळजी घ्या हं."

मित्रांनो, इथेच घात झाला.

मॅडम यायच्या दिवशी गुणाबाई सकाळीच मला ओल्या फडक्याने पुसायच्या. मेलेल्या माशा केरसुणीने लोटून द्यायच्या. मॅडमना वाटायचं, माशा ठणठणीत आहेत.

"काय करून राह्यली वं?" देवाजी विचारायचे.

"पाहुणी येऊन राह्यली ना. दारात मढी दिसली तं काय म्हणन ते?"

"माशायचं सुतक नसते."

"तुमी खोका निवांत."

पुढे फुलांवर राखाडी थर बसला. माशा उपाशी दिसल्या, तशी गुणाबाईंनी साखरेच्या पाकाची वाटी ठेवली. दारी आलेलं कोणी उपाशी राहतं का? माशांनी हिंडणं सोडलं आणि घरबसल्या साखरेचा मध करू लागल्या. मी आतून सगळं पाहत होते. ओरडावंसं वाटे, पण लाकडाला फार तर करकरता येतं. एकदा करकरले. गुणाबाईंनी सांध्यांना तेल लावलं.

वर्षाने तपासणीचा अहवाल आला, साहेबांकडेही गेला. मध स्वच्छ, पेटीवर धूळ नाही, मृत माशा शून्य.

"मावशी, वर्षभरात एकही माशी मेली नाही?"

"मेल्या ना. पायलीभर मेल्या. मी झाडून टाकत होती."

मॅडमच्या हातातली डबी तशीच राहिली. "कुठं टाकल्या?"

"कोंबड्यायनं खाल्ल्या."

"आन् कोंबड्या आमी खाल्ल्या," देवाजी म्हणाले, आणि खोकले.

मॅडमनी साहेबांना पत्र लिहिलं की अहवाल चुकला आहे. उत्तर आलं: अहवाल तुम्हीच दिलेला आहे, आता बदलता येणार नाही. तोवर कारखान्याच्या फाटकावर फलक लागला होता, 'येथील हवा मधासारखी शुद्ध.' पाक संपला तशा माशाही उडून गेल्या.

आता मी रिकामी आहे. माझ्यावर बोटभर धूळ बसली आहे. गुणाबाई सवयीने फडकं घेऊन येतात, हात पुढे करतात आणि मागे घेतात. तपासायला मात्र कोणी येत नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण कशासाठी घ्यायची, ते आधी विचारून घ्या. आणि कधी इकडे आलात तर मला पुसू नका. बोट फिरवा, आणि ते बोट साहेबांना दाखवा.