हंड्रेडवेटातला कडता

राजूरच्या मदनलाल शेठकडे एक जुना इंग्रजी वजनकाटा होता. खाली लोखंडी पाट, वर पितळी दांडी. पूर्वी कुठल्याशा जिनिंगमध्ये त्यावर कापसाच्या गाठी चढायच्या. काटा इतका नाजूक, की त्यावर उभं राहून माणूस खोटं बोलला तर दांडी पावशेराने खाली जायची. मी काही त्यावर कधी चढलो नाही.

रखमाजीची बायको उषाबाई पावसाळाभर अंथरुणाला खिळली होती. ती उठली तर तिच्या भारोभार गूळ गणपतीला देईन, असा नवस रखमाजी बोलला. ती उठली. चतुर्थीला दोघं गूळ घ्यायला शेठकडे आली. मी तिथं चहा पीत बसलेलोच होतो. भारात तोळाभर जरी कमी पडलं तर दुखणं परत उलटेल, ही रखमाजीची धास्ती.

शेठचा इलेक्ट्रिक काटा तीस किलोच्या वर नुसत्या रेघा दाखवतो. म्हणून उषाबाई इंग्रजी काट्यावर चढल्या. दांडीला एक हंड्रेडवेटचं वजन अडकवलं, दांडीवरचं सरकतं वजन अठ्ठावीस पौंडांवर आणलं, तेव्हा दांडी सरळ झाली. उषाबाई उतरल्या आणि दांडी कडकन मोडली. हातात उरला तो फक्त आकडा.

"पारस, याचे किलो कर," शेठ म्हणाले.

गल्ल्यावरच्या नातवाने मोबाईल पाहिला. "दादाजी, हंड्रेडवेट म्हणजे एकशे बारा पौंड. वर अठ्ठावीस. झाले एकशे चाळीस. साडेत्रेसष्ट किलो."

"बिलकुल गलत! नाव शंभराचं आन् भरतंय एकशे बारा? वरचे बारा कडत्याचे. साहेबानं बारदान आन् ओलावा धरला असंल."

कडता म्हणजे शेतकऱ्याच्या मालातून व्यापारी कापतो ते वजन. शेठनी जन्मभर तेच कापलं. आताही कापलं, नि एकशे अठ्ठावीस पौंडांचे अठ्ठावन्न किलो सांगून मोकळे झाले. आपलाच गूळ कमी विकला जातोय, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

रखमाजी घाबरला. "शेठ, सोयाबीनवर कापता, सोसलं. आता बायकोवर बी?"

"पाटील, दस्तूर म्हंजे दस्तूर. बिनकडत्याचं वजन माझ्या तोंडातून निघतच न्हाई."

उषाबाई पदर खोचून पुढं झाल्या. "मी काय वली सोयाबीन हाये का? का बारदानात भरून आल्ते? घरी गेल्यावर काढा भंवरीबाईचा कडता, मंग बघू शेठ जेवतेत का!"

भंवरीबाई म्हणजे शेठच्या पत्नी. त्या आतल्या खोलीत खोकल्या. शेठ जरा नरमले, पण बारा काही सोडेनात.

तेव्हा पारस म्हणाला, "दादाजी, साहेबाचा एक स्टोन चौदा पौंडांचा. असे आठ स्टोन म्हणजे हंड्रेडवेट. चौदाचा पाढा म्हणा."

पाढा म्हटलं की शेठ डोळे मिटतात. "चौदा एके चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस..." करत ते आठावर आले. "चौदा आठे बारोत्तरसे." एकशे बारावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हटला. पुन्हा बारोत्तरसे.

"यात कडता कुठाय?" पारसने विचारलं.

"पाढ्यात कडता न्हाई," शेठ हळूच म्हणाले. "साहेबाचं वजन बराबर हाय. जल्दी साडेत्रेसष्ट तोल."

गूळ रिक्षात चढला. देवळात पोचून रखमाजीने हात जोडले, तेव्हा कुठं त्याच्या तोंडावर रंग आला. उषाबाई सगळ्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढल्या.

शेठनी मात्र ते तोलणं फार मनाला लावून घेतलं. कापायचं राहिलेलं हाताला सोसलं नाही, उजवा हात कोपरापर्यंत सुजला. आणि बातमी गावोगाव पसरली, की बाईमाणसावर कडता लागत नाही. पुढच्या हंगामात शेठच्या दारात ट्रॅक्टर उभे राहिले, तर सोयाबीनच्या प्रत्येक पोत्यावर एकेक बाई मांडी घालून बसलेली. उतरा म्हणायची शेठची छाती झाली नाही.