धुतलेली वांगी

हे लिहायचं राहूनच गेलं असतं. यात संघपालची लाज आहे.

"साहेब, वापस एकदा लावून पाहू का?" त्याने विचारलं.

मोहाडीच्या भाजी केंद्रात देशी वांग्यांची तपासणी चालली होती. संघपालच्या हातातलं यंत्र सालीवर उजेड टाकायचं आणि परत आलेल्या उजेडाची रेघ काढायचं. आधी साठवलेल्या रेघेशी ती जुळली की वाण देशी. रांगेतल्या मालनबाईचं पाचवं वांगंही नापास झालं होतं.

"मशीन खोटं बोलते का?" म्हणत साहेबांनी बियाणं राखणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव खोडलं. पुढे लिहिलं, भेसळ.

"भेसळ?" मालनबाई ताडकन उठली. "माह्या सासूनं देल्लं बियाणं हाये हे! तुमच्या मशीनचं वय काय हो?"

रांग हसली. टोपली उचलून ती निघाली. "अन् मीच बह्याड, येडी. साहेबापुढं न्याचे म्हणून एक एक वांगं धुऊन आणलं."

'धुऊन' ऐकताच संघपालच्या लक्षात आलं. गेल्या हिवाळ्यात देशी वाणाची रेघ त्यानेच साठवली होती, मालनबाईच्याच वाडीतल्या वांग्यांवरून. कीड लागू नये म्हणून झाडांवर चुलीची राख उडवतात. त्याने वांगी तशीच, राखेसकट, यंत्राखाली धरली होती. यंत्र राखच शिकलं होतं! रांगेतल्याच धनीरामची संकरित वांगीही आज राखेमुळे पास झाली होती.

त्याने धनीरामच्या टोपलीतली राख मालनबाईच्या, यंत्रापाशीच राहिलेल्या पाचव्या वांग्याला चोळली. यंत्र लावलं. देशी!

साहेबांनी ते पाहिलं. "यादी आता अशीच वर जाईल. तुझी नोकरी कच्ची आहे ना अजून? मग गप्प राहा."

आणि संघपाल गप्प राहिला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मालनबाईचा पोरगा श्रावण भेटला. शाळेपासूनचा दोस्त.

"माय बोलूनच नाही राहिली बे. बियासाठी झाडावर पिकवलेलं वांगं तोडून ढोरापुढं टाकाले निघाली होती. हात धरला म्हणून वाचलं."

संघपालने सगळं सांगून टाकलं. श्रावणने चहा तसाच खाली ठेवला.

"मंग तवाच काहून नाही बोलला?"



"मायले सांग, ते वांगं झाडावरच राहू दे," संघपाल म्हणाला. "उद्या रांग लागली का साऱ्याइच्या समोर सांगतो, चूक माही होती. लेखी देतो. नोकरी गेली त जाऊ दे. तू फक्त मायले घेऊन ये, अन् वांगी धुतलेलीच आण."