दातांनी निवडलेले बी

आमच्या फुन्यू डोंगरात रक्तसाल नावाचा एक वृक्ष आहे. शरद ऋतूत त्याची पाने लाल होतात. तथापि त्याचे खरे वैभव पानांत नसून सालीत आहे. दालचिनीच्या रंगाची ती साल कागदासारखी पातळ सुटते, तिच्या सुरळ्या बुंध्यावर लटकत राहतात, आणि सकाळचे ऊन त्यांच्या आरपार गेले म्हणजे सबंध झाड आतून पेटल्यासारखे दिसते. शहरातल्या बागांना असे झाड हवे असते. म्हणून लोक येतात, रानातून ते मुळासकट उपटून नेतात, आणि नेलेल्या दहांपैकी आठ वाटेतच वाळतात. मला हे पाहवेना. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी गावसभेत उभा राहिलो आणि म्हणालो की, हा वृक्ष मी बियांपासून वाढवून दाखवीन. केवळ ओढ्यावरची गावाच्या पडीक जमिनीची पट्टी मला मिळावी.

तीच पट्टी गावातल्या होउ यासही हवी होती. त्याला तेथे अक्रोड लावायचे होते.

"अक्रोड खाता तरी येतो," तो म्हणाला. "तुझ्या झाडाचं काय करायचं, खांग? साल चाटायची?"

सभेत हशा पिकला. सरपंच फेंग यांनी मात्र चहाचा पेला खाली ठेवून विचारपूर्वक निवाडा दिला. "कालच वसंतातला छिंगमिंगचा सण झाला. पूर्वजांच्या कबरी झाडून आलोय, तेव्हा खोटं बोलायचं नाही कुणी. आजपासून तिसऱ्या छिंगमिंगला आम्ही पट्टीवर येऊ. रोप उगवलेलं असलं तर पट्टी खांगची, कायमची. नसलं तर होउची. पटलं?"

आम्हा दोघांनाही ते पटले.

येथे हे सांगणे आवश्यक आहे की रक्तसालीचे बी अत्यंत आळशी असते. त्याचे कवच लाकडासारखे कठीण असून दोन हिवाळे ओल्या वाळूत पुरून ठेवल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. त्यामुळे माझ्यापाशी चुकायला फारशी जागा नव्हती. तरीही मी चुकलो.

आमच्या गावच्या भूमिदेवाच्या देवळात एक रक्तसाल एकटीच उभी आहे. डोंगरात तिच्याइतकी देखणी दुसरी नाही. नवस करणारे तिच्या फांद्यांना लाल कापडाच्या चिंध्या बांधतात. उत्तम झाड हवे तर बी उत्तम झाडाचे घ्यावे, आणि देवाच्या दारचे झाड मिळत असता रानात कशाला जावे, असा माझा विचार होता. त्या शरदात मी तिचे पंखवाले बी टोपलीभर गोळा केले. भाताचे बियाणे पारखतात तसे पाण्यात टाकले. तीन दिवसांनी सर्व बुडाले, तेव्हा सर्व भरलेले आहे असे मी मानले. एखादे कापून पाहावे असे मनात आले होते. परंतु देवळातल्या बियांवर सुरी चालवणे मला अशुभ वाटले. मी उदबत्ती लावली, बी खोक्यात ओल्या वाळूत घातले आणि एक वर्ष निश्चिंत झोपलो.

दुसऱ्या शरदात एके दुपारी मिआओ मावशी माझ्या अंगणात आली. ती गावात सोयाबीनचा टोफू करून विकते. तिच्या तोंडात सदैव सूर्यफुलाच्या बिया असतात. चाळीस वर्षे त्या फोडून तिच्या पुढच्या एका दाताला अशी खाच पडली आहे की दोरा ओवावा.

"हेच का रे तुझं सोनं?" असे म्हणून तिने वाळूतून एक बी उचलले आणि मी हात पुढे करण्याआधी दाताखाली घातले. कट् असा आवाज झाला.

"मावशी! देवाच्या झाडाचं बी आहे ते!"

"पोकळ आहे." तिने टरफल थुंकले व दुसरे घेतले. "हेही पोकळ."

"अगं, पण बुडालं होतं!"

"फुटकं मडकंसुद्धा बुडतं." कट्. "पोकळ."

तिने तीस बिया फोडल्या. तिसांच्या तीसही रिकाम्या होत्या.

"देवाचं बी दातानं फोडलंस," मी म्हणालो.

"देवानं आत काही ठेवलंच नव्हतं, तर मी फोडलं काय?" ती म्हणाली. "आणि तुझंही डोकं बघ की! एकटी बाई देवळात बसलीय. जवळपास गडीमाणूस नाही. पोरं व्हायची कुठून तिला?"

मी पन्नास वर्षे डोंगरात राहिलेला मनुष्य, आणि हे मला टोफूवालीने सांगावे! गावापासून दोन तासांवरच्या घळीत सात-आठ रक्तसाली एकत्र उभ्या आहेत. त्या वेड्यावाकड्या आहेत, सालीवर शेवाळ आहे, कोणी त्यांना चिंधी बांधत नाही. पण त्या एकमेकींच्या सोबतीने राहतात, एकीचा पराग दुसरीला मिळतो. मी बोटांवर हिशेब केला. आता बी पुरले तर त्याचे दोन हिवाळे नेमके तिसऱ्या छिंगमिंगच्या तोंडावर संपत होते. आठवड्याने उशीर झाला असता तर बी गळून उंदरांच्या पोटात गेले असते. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी पाटी घेऊन घळीत उतरलो.

घळीतले बीही बहुतांशी पोकळच निघाले. परंतु दहांत एखादे भरलेले होते. प्रश्न असा होता की फोडलेले बी उगवत नाही, आणि न फोडता आतले कळत नाही.

"मला कळतं," मावशी म्हणाली. तिने एक बी खाचेत धरून हलके दाबले. "पोकळ असलं की जरासं दबतं. भरलेलं असलं की दात उलट बोलतो. पण फुकट नाही हं मी बसणार. माझं जातं फिरवायला लाग."

अशा रीतीने अकरा दुपारी तिच्या भिंतीशी उन्हात मावशी बी दाबीत बसली आणि मी सोयाबीन दळीत राहिलो. होउ रोज तेथून जाई.

"काय रे खांग, रोपवाटिका काढलीस का दातांचा दवाखाना?"

"तू जा, तुझे अक्रोड मोज," मावशी ओरडे.

"लावल्याशिवाय कसे मोजू? पट्टी हा अडवून बसलाय!"

"उष्टं बी उगवतं का गं मावशी?" मी एकदा भीत भीत विचारले.

"पाखरांचं उष्टं उगवतं. मी काय पाखरापेक्षा घाण आहे?"

शेवटी तीनशे बारा बिया निघाल्या. मी त्या वाळूत पुरल्या, दोन हिवाळे व मधला एक उन्हाळा त्यांना सावलीत ओलसर ठेवले, आणि थंडी सरताच पट्टीवर गादीवाफा करून त्यात पेरल्या.

ठरलेला छिंगमिंग आला. सणाच्या रीतीप्रमाणे दारोदारी वाळुंजाच्या हिरव्या डहाळ्या लागल्या. कबरी झाडून, उकडलेली अंडी खिशात घालून, सरपंच फेंग, होउ, मावशी आणि निम्मे गाव पट्टीवर चढले. मी पहाटेपासून तेथेच होतो. वाफ्यावर एकही हिरवा ठिपका नव्हता.

सरपंचांनी वाफ्याभोवती दोन फेऱ्या घातल्या. "खांग, दिसत नाही रे बाबा काही."

"उकर ना एक!" मावशी माझ्या कानाशी म्हणाली. "मोड आलेला असणार. दाखव त्यांना."

मी गुडघ्यावर बसलो आणि बोटे मातीवर टेकवली. त्या मोडाचे मूळ केसाएवढे असते. उपटले की तो संपला. एक दाखवले तर सरपंच म्हणणार, आणखी एक पाहू. मग होउ म्हणणार, तिकडचे पाहू. निम्म्या गावाची खात्री पटेपर्यंत निम्मा वाफा मेला असता. मी हात मागे घेतला.

"नको," मी म्हणालो. "पट्टी होउला द्या. एवढा वाफा मात्र पावसाळ्यापर्यंत कोणी तुडवू नये."

"अरे गाढवा!" मावशी म्हणाली.

होउ तर पट्टीवर आधीच पावले टाकीत होता. प्रत्येक सहा पावलांवर टाच रोवून तो अक्रोडाच्या खड्ड्याची खूण करी. तसाच मोजत तो वाफ्याच्या दुसऱ्या टोकाशी आला, आणि त्याचा एक पाय हवेतच राहिला. तो पाय त्याने मागे घेतला. मग तो ओणवा होऊन माती निरखू लागला.

"सरपंच," तो म्हणाला, "चष्मा लावा आणि इकडे या."

आम्ही सारे धावलो. मातीचा एक पापुद्रा टोपीसारखा उचलला गेला होता, आणि त्या टोपीखाली एक गुलाबी, वाकलेली मान दिसत होती. तिच्या पलीकडे दुसरी टोपी होती, तिच्या पलीकडे तिसरी. पन्नाशी उलटलेल्या माझ्या डोळ्यांना त्या दिसल्या नव्हत्या.

"पण पानं कुठायत?" सरपंच म्हणाले.

"आता काय ढोल वाजवून वर यायला पाहिजे त्यानं?" होउ खेकसला. "जन्मभर रोपं उगवताना बघतोय मी. हे उगवलंय."

"तुझी पट्टी जाते, होउ."

"कळतंय मला. पाय ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण दिसलं ना मेलं!" तो माझ्याकडे वळला. "खांग, माझे अक्रोड आता मागच्या उतारावर जाणार. तिथे सगळा खडक. बावीस खड्डे तू खणून द्यायचेस."

"खणीन," मी म्हणालो.

सरपंचांनी पट्टी माझी झाल्याचे तेथेच जाहीर केले, आणि लोक अंडी सोलू लागले.

मी दुसऱ्याच दिवशी कुदळ घेऊन मागच्या उताराला लागलो. होउने खडकाविषयी अजिबात अतिशयोक्ती केली नव्हती. दहाव्या दिवशी माझा विसावा खड्डा पुरा होताच खालून मावशीची हाक आली.

"खांग! अरे, एकसष्ट झाली! दोन दोन पानं काढलीत एकेकानं! आणि चिमण्या बसल्यात कुंपणावर, टोपल्या आण झाकायला!"

मी कुदळ तशीच टाकली आणि उतारावरून धावत सुटलो.

"ए!" होउ मागून ओरडला. "अजून दोन राहिलेत!" आणि मग, मी ओढ्यापर्यंत पोहोचलो तेव्हा, माझ्या मागे त्याचीही पावले वाजत होती. त्याच्या दोन्ही हातांत टोपल्या होत्या.