मंगलीची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. अंग सागाचे, बैठक अंबाडीच्या दोरीची. मित्रांनो, माझा जन्म चांदा जिल्ह्यात, मूल गावाजवळच्या एका खेड्यात झाला. साल पंचावन्नच्या आसपासचे असेल. तेव्हा त्या गावात खुर्ची फक्त शाळेत होती.

मला दसरू सुताराने घडवले, ते त्याच्या बायकोसाठी, मंगलीसाठी. ती चैत्रात मोहफुले वेचायला गेली असताना अस्वलाने तिला धरले. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. तिला भुईवर बसता येईना. बसली तर कोणीतरी उचलल्याशिवाय उठता येईना. म्हणून दसरूने मला उंच केले आणि तिचा पाय लांब ठेवायला पुढे एक फळी बसवली. दोरी मात्र मंगलीने स्वतः वळली, स्वतःच विणली.

तिची सासू गुणाबाई मला पाहून चिडली. "सासू भुईवर अन् सून खुर्चीवर! का म्हणतीन लोक?"

दसरू म्हणाला, "माय, तिचा पाय वाकत नाई."

"मले दिसते. लोकाईले दिसत नाई."

तेव्हापासून घरात कोणी नसले की मंगली माझ्यावर बसे. पाहुण्यांची चाहूल लागली की भिंतीला टेकून उभी राही. तिच्या पायाची कळ तिच्या चेहऱ्यावर मला दिसायची. मी लाकूड, काय करणार?

पुढे दसरूच्या बहिणीला, गोकुळेला, नागभीडचे स्थळ आले. मुलाचे वडील लटारूभाऊ चार माणसे घेऊन आले. मानाचे पाहुणे म्हणून त्यांना माझ्यावर बसवले. बोलणी लांबत गेली. मंगली खांबाला धरून उभी होती. चहा द्यायला पुढे झाली, तेव्हा तिचा पाय थरथरू लागला. कप हातातून निसटून फुटला.

मला वाटले, आता गुणाबाई सुनेवर ओरडणार. पण ती उठली, सुनेजवळ गेली, तिचा दंड धरला.

"लटारूभाऊ, जरा उठता का? माह्या सुनेले बसू द्या."

लटारूभाऊ उठले, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आमाले उठवून सुनेले बसवता? अशा घरची पोरगी आमाले नाई पायजे."

पाहुणे न जेवताच निघून गेले. आत गोकुळा हुंदके देत होती. मंगली अजून उभीच होती. "माय, मी कप सांभाळला असता तं..." ती पुटपुटली.

"बस," गुणाबाई म्हणाली. "उभी राह्यली तं स्थळ वापस येते काय?"

मंगली बसली. सासूच्या समोर, पहिल्यांदा. तिने ताठ पाय फळीवर लांब केला.

मित्रांनो, त्यानंतर सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. गोकुळेचे लग्न पुढे झाले, पण दूर सिरोंच्याकडे, एका बिजवराशी. निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. वहिनीकडे तिने पाहिले नाही. पाठवणी झाल्यावर गुणाबाई माझ्याजवळ भुईवर बसली आणि म्हणाली, "मंगली, पोरीचं म्याच वाईट केलं काय व?"

मंगलीने सासूच्या डोक्यावरचा पदर नीट केला, एवढेच.

आज त्या दोघीही नाहीत. मी शेळ्यांच्या गोठ्यात पडून आहे. दोरी उंदरांनी कुरतडली, अंगावर सरपणाचा भारा आहे. नव्या दोरीने विणले तर मी अजून पुष्कळ वर्षे उभी राहीन. साग लवकर हार मानत नाही. मला कोणी विणावे असे फार वाटते. पण ते नाही जमले तरी एक कराच. तुमच्या घरात कोणी पाय दुखत असताना भिंतीला टेकून उभे असेल, तर त्याने मागायची वाट पाहू नका. बसायला द्या.

मंगलीने एकदाही मागितले नव्हते.