कोऱ्या पानाखालची सही

विमानतळाचं भांडण आधी पुण्याचं होतं. तिथली जागा अपुरी पडते म्हणून कुणी म्हणायचं, तिथंच धावपट्टी वाढवा. धावपट्टीशेजारची माणसं म्हणायची, आमची घरं पाडून वाढवता का? मग कुण्या पुढाऱ्यानं बोट आमच्याकडं केलं. शिरूर आणि दौंडच्या मधी, भीमेच्या अलीकडं आमचा माळ आहे. तिथं म्हणे मालाची विमानं उतरवायची, म्हणजे पुण्याचा तळ मोकळा होईल. दोन महिने झाले, एक पार्टी येऊन 'पाहिजे' म्हणते, दुसरी येऊन 'नको' म्हणते, आणि दोघांचा मांडववाला एकच. माझे तर कान किटले.

"तुमची फुलं इमानानं दुबईला जातील," असं एक जण माइकवर म्हणाला.

मी बसल्या जागेवरून म्हणाले, "आमचा झेंडू शिरूरच्या बाजारात पोचेस्तोवर मान टाकतो, बाबा. आधी रस्त्याचं बघ."

बायका हसल्या. तोही हसला, आणि हसून पुढं तेच बोलायला लागला.

मी सोजराबाई, गाव मला आक्का म्हणतं. मालक गेल्यावर नदीकाठचं तीन एकर फुलांचं रान मी चालवलं. दिराचा पोरगा रविराज माझ्याच ताटात जेवून मोठा झाला, आज तो गावचा सरपंच आहे. शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही धड नाही. पन्नाशीत प्रौढांच्या वर्गात जाऊन सही शिकले. आळीत माझ्या वयाच्या बायकांत अंगठा न देणारी मी एकटी. त्याचा मला तोरा होता, लपवत नाही.

त्यामुळं पंचायतीची रीतच पडून गेली. बायकांची ग्रामसभा असली की शिपाई संपत वही घेऊन आधी माझ्या दारात. फुलांचा तोडा सोडून पंचायतीत बसायला कुठल्या बाईला सवड आहे? म्हणून सभा वहीतच भरायची. संपत पान उघडायचा. वरचं अर्धं पान कोरं. "ठराव भाऊसाहेब मागनं लिव्हत्यात," म्हणायचा. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. वर माझी सही, खाली आळीतल्या बायकांच्या सह्या नाहीतर अंगठे. आक्काचं नाव दिसलं की कुणी काही विचारायचं नाही. वीस वर्षं असंच चाललं. नळ आले, अंगणवाडी आली, खांबावर दिवे आले. आम्हाला वाटलं, सभा म्हणजे असंच असतं.

गेल्या महिन्यात आमच्या रानात तोड्याला येणारी नकुशी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. एरवी सरळ चुलीपाशी येऊन बसणारी बाई.

"आक्का, माझा माळ इमानाला दिला म्हणं तुमी?"

"कुणी सांगितलं?"

"धुरपदाच्या लेकानं मोबाइलात कागद दावला. गावच्या बायका एकमतानं राजी हायेत म्हणं. वर तुमची सही हाय. खाली माझा अंगठा."

माझी नात करिश्मा कुरकुंभला औषधांच्या कंपनीत जाते. सकाळची पाळी करून नुकतीच आली होती. तिनं तो कागद मोबाइलवर मागवून घेतला आणि उभ्यानंच वाचला. माळावरच्या सगळ्या जमिनी विमानतळाला द्यायला गावातल्या महिलांची हरकत नाही, असं लिहिलं होतं. तिनं तारीख सांगितली तेव्हा आठवलं, त्या दिवशी संपत आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाचा हात पुसून सही केली होती.

"तुमचं नदीकाठचं न्हाई त्यात," नकुशी म्हणाली. भांडली असती तर मीही दोन दिल्या असत्या. पण ती भांडली नाही, नुसतं सांगितलं. एक एकर आणि दोन खोल्या, एवढंच तिचं, आणि ते सगळं माळावर. "म्या तुमचं नाव बघून अंगठा दिला, आक्का."

तशीच उठून रविराजकडं गेले. त्यानं खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितला.

"काकू, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? आपलं रान वाचतंय की."

"आपलं म्हंजी कुणाचं?"

"आवो, ठराव नुसता पाठिंब्याचा हाय. पुण्यातच अजून एकमेकांच्या उरावर बसल्यात. जमीन काय लगेच जात न्हाई."

"मग फाड की ते पान."

"वहीचं पान फाडता येत नसतं, काकू."

"आन् कोऱ्या पानावर मागनं लिव्हता येतं व्हय रं?"

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "सोमवारी ग्रामसभा हाय. उठून सांगा समद्या गावाला, म्या न वाचता सही केली, मला वाचता येत न्हाई. सांगाल?"

मी चहा तसाच ठेवून आले. सांगणार नाही, हे त्याला माहीत होतं. मीच वाढवलेला ना तो.

चार दिवस तोड्याला गेले, पण हाताला वेग नव्हता. नकुशी रोज शेजारच्या वाफ्यात कामाला होती. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी देवळाच्या सभामंडपात सभा भरली. दोन्ही पार्ट्यांचे पुढारी आले होते. तासभर धावपट्टी, नोकऱ्या, भाव, मोबदला असं चाललं. गडी माणसं जांभया देत होती. मी गुडघ्यावर हात टेकून उठले.

"भाऊसाहेब, बायकांचा ठराव वाचा."

त्यांनी रविराजकडं बघितलं, मग वाचला.

"हे म्या बघितलेलं न्हाई," मी म्हणाले. "सही केली तवा पान कोरं हुतं. आन् भरलेलं असतं तरी मला वाचता आलं नसतं. मला माझं नाव काढता येतं. तेवढंच."

मागून कुणीतरी खिदळलं. एक जण ओरडला, "मग वीस वर्षं मिरवलं कशाला, आक्का?"

"चुकलं," मी म्हणाले. पुरुषांसमोर हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा काढला.

रविराज उठला. आवाज गोडच होता. "काकू, नळाचा ठराव बी तसाच झाला. अंगणवाडीचा बी. मग ते बी रद्द करायचं का?"

सगळा मंडप हसला. त्याचं खरं होतं.

"ते तुझं तू बघ," मी म्हणाले. "माझी एवढी एक चूक माझ्या डोळ्यांदेखत नीट कर."

भाऊसाहेब म्हणाले, "लेखी द्यावं लागेल. आजच्या आज, बायकांच्या सह्यांनी."

करिश्मानं कागद घेतला. पायरीवर बसून लिहिलं, की पान कोरं असताना सह्या घेतल्या, माळाची जमीन द्यायला आमची संमती नाही. मी सही केली. नाव वाकडं आलं. धुरपदानं लगेच पेन ओढलं. "आक्कांची झाली न्हवं? आण हिकडं."

नकुशीनं तिचं मनगट धरलं. "थांब गं." मग करिश्माला म्हणाली, "आदी वाच." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

करिश्मानं वाचलं.

"पुन्यांदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. तोवर पुढाऱ्यांच्या गाड्या निघाल्या. गडी माणसं चपला शोधायला लागली. रविराज खांबाला टेकून घड्याळ बघत होता.

"माझ्या गटाचा नंबर कुठं हाय ह्यात?" नकुशीनं विचारलं. "नुसता माळ म्हणलं तर उद्या इचारतील, ह्यात तुझं कुठलं?"

भाऊसाहेब वैतागले. "बाई, वेळ संपत आली."

मी फरशीवर बसले. "दुसरा कागद घे," करिश्माला म्हणाले. "समद्यांचं नंबर घाल. माझी सही शेवटाला घे."

तिनं नवा कागद मांडीवर घेतला. नकुशीनं नंबर सांगितला. मग बाकीच्या एकेक करून सांगायला लागल्या. धुरपदाला तिचा आठवेना. ती सातबाऱ्याचा उतारा आणायला घरी गेली, आणि आम्ही तिची वाट बघत बसलो.