पितळी परातीचा कान

"मीच देतो आवाज! माझं नावच कोकिळा हाय. कुहू करतो, अन् जेवून घ्या, आत्याबाई!"

सून ओरडून बोलली. सासूशी ती नेहमी ओरडूनच बोले. त्याशिवाय गोजरबाईंच्या कानात काही शिरतच नसे.

"वरताची थट्टा नोको करू," गोजरबाई हळूच म्हणाल्या आणि अंगणातल्या बाजेवर टेकल्या.

अधिक आषाढ आला की त्या वर्षी कोकिळाव्रत. आषाढी पौर्णिमेपासून महिनाभर रोज कोकिळेचा आवाज कानांनी ऐकायचा, मगच अन्नाला शिवायचं. सुरुवातीला अंगणातल्या झाडावरची कोकिळा त्यांनाही ऐकू यायची; आता श्रावणात कोकिळाही थकलेल्या. सगळ्या पिंपळगावात नाल्यापलीकडच्या आमराईत तेवढी एक उरलेली. काल सुनेनं विहिरीवर तिचा आवाज ऐकला आणि घागर तशीच टाकून सांगायला धावत आली. पण नेम आपल्या कानांचा, सुनेच्या नव्हे. गोजरबाई उपाशी निजल्या. अधिक आषाढ पुन्हा कधी यायचा, आणि तेव्हा आपण कुठे, हे त्यांना कळत होतं.

अंगणात निजाम कल्हईवाला त्यांच्या लग्नातली पितळी परात ठोकत बसला होता. लाकडी हातोडीनं त्यानं तिला मधोमध खोल केली, आतून आरशासारखी कल्हई चढवली. ढग फाटून ऊन पडताच त्यानं परात सूर्याकडे धरली आणि चिमूटभर कापूस पुढे-मागे सरकवला. एका जागी कापूस धुमसला.

"हे पाहा काकू!" तो मोठ्यानं म्हणाला. "ऊन इथं गोळा होते. आवाजबी इथंच येईन."

खामगावच्या बाजारात त्याला लढाईतला मोडका टेलिफोन मिळाला होता. परात त्यानं आमराईकडे तोंड करून खांबाला टांगली. टेलिफोनातली बोलायची डबी काडीला बांधून परातीपुढे नेमकी कापूस धुमसला त्या जागी बसवली, डबीचंही तोंड आमराईकडे. तार, बॅटरीचे सेल आणि ऐकायची डबी गोजरबाईंच्या कानाशी.

"असं यंत्रानं ऐकलं तर पुण्य लागते का?" कोकिळेनं टोमणा मारलाच.

"चष्म्यातून देव पाह्यतो, तो खोटा राह्यते का, बाई?" निजामनं विचारलं.

पण डबीत नुसती खरखर. निजामनं तारा चाचपल्या, परात तिरपी केली, उलट-सुलट सेल घातले. खरखरच.

"मोडीतलाच माल शेवटी," तो घाम पुसत म्हणाला. "माफ करा, काकू. तुमची परात मात्र वाया गेली."

कोकिळा चुलीकडे गेली.

गोजरबाई परातीकडे पाहत राहिल्या. रोज पहाटे महादेवाच्या देवळात पाहिलेलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"निजामभाऊ, या डबीचं तोंड बाहेर काऊन?"

"पाखरू तिकडं हाय ना!" तो त्यांच्या कानाशी ओरडला. "त्याच्याकडं पाठ कशी करू?"

"आमचा नंदी पाह्य. येणाऱ्याकडं पाठ करून बसते. त्याचं तोंड आत, पिंडीकडं. तुझा आवाज परातीत गोळा होते म्हणतो ना तू? मंग हे बाहेर काय पाहून राह्यलं?"

निजामनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! ऊन आत, अन् कान बाहेर!"

त्यानं डबी फिरवून बांधली.

आधी पानांची सळसळ आली. मग नाल्याचं पाणी. कितीतरी वर्षांनी ऐकलेलं. आणि मग त्या पाण्यावरून, ओलसर, अगदी कानाशी: कुहू... कुहू...

गोजरबाईंनी हात जोडले. डबी काढून निजामच्या कानाला लावली.

"हाव काकू," तो मान डोलवत कुजबुजला. "हाय."

डबी त्यांना परत देऊन तो परात उतरवायला उठला. उचलताना तिचं तोंड स्वयंपाकघराकडे वळलं. गोजरबाईंच्या कानात बांगड्या वाजल्या, भाकर थापल्याचा आवाज आला, आणि त्यामागून एक हलका, मऊ आवाज, कुणालाच न सांगितल्यासारखा:

"देवा, आज तरी खाऊ दे रे त्याईले. काल मलेबी घास गेला नाही."

गोजरबाईंनी निजामला हातानंच थांबवलं. परात तशीच धरून तो उभा राहिला.

एवढ्या वर्षांत सुनेचा खरा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

मग त्यांनी डबी मांडीवर ठेवली, पदर सारखा केला आणि आत हाक दिली.

"कोकिळे, तीन पानं मांड. अन् निजामभाऊ, परात उद्या सकाळी इथंच टांग. आता भाकरी परातीत नाही, लाकडाच्या काथवटीत होतीन."

"ऐकलं का आत्याबाई?" आतून सून ओरडली.

"ऐकलं, माय," गोजरबाई म्हणाल्या. "वरडू नोको."